नऊ इंचांचा धनी

जगात कुठलंही काम बिघडलं की त्याला एक धनी असतो आणि तो सापडल्याशिवाय घास गिळायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमटी खारट झाली तर भावोजी रागावत नसत. ताट जरा पुढे सारून नुसतं विचारत, "मीठ टाकलं कोनी?" ताई म्हणायची, "मीच. दुसरं कोण टाकणार?" एवढं कळलं की ते समाधानाने भाताचा डोंगर संपवत. आमटी खारट चालेल, बेवारस चालणार नाही, असा एकूण मामला.

भावोजी मूळचे खाडीकाठच्या कोन गावचे, बांधकामांवर सुपरवायझर. प्रत्येक कॉलमच्या साच्याच्या फळ्यांवर ते खडूने मिस्त्रीचं नाव लिहीत. एकाने लाजून नाव पुसलं, तर भावोजींनी ते त्याच्या वडिलांच्या नावासकट पुन्हा लिहिलं. गावात कोणाकडेही लग्नाची हळद असली की कामं वाटायला हेच हवेत. मांडवात ताम्हणभर सुपाऱ्या घेऊन बसायचे. भात कोणाचा, पाणी कोणाचं, रुसलेल्या मामाची समजूत कोणाची, दर कामाला एक सुपारी. जो ती उचलेल त्याच्या डोक्यावर ते काम, मग सबब चालायची नाही.

जवळच्याच टेमघरला एका हॉस्पिटलचं काम निघालं तेव्हा मोबाइल नुकते खिशाखिशात आले होते. भावोजी तिथे सुपरवायझर होते आणि मी त्या कामाच्या आर्किटेक्टकडे नकाशे काढत असे. हॉस्पिटलच्या मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहून ठरवलं की इमारत आधी कॉम्प्युटरात बांधायची. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग असं त्याचं भारदस्त नाव. आर्किटेक्टच्या भिंती, इंजिनिअरचे बीम, प्लंबरचे पाइप, एसीवाल्याचे हवा वाहून नेणारे डक्ट हे सगळं एकत्र जोडायला नारपोलीची एक मुलगी नेमली, नुकतीच शिकून आलेली. स्क्रीनवर गरगर फिरणारी इमारत पाहून भावोजींनी तिला विचारलं, "पोरी, हे सगलं ठीक हाय. पन चूक निघाली तर धनी कोन?"

"काका, तेवढंच अजून कोणी ठरवलं नाही," ती म्हणाली.

आणि चूक निघालीच. मॉडेलमध्ये ऐसपैस बसलेला डक्ट तळमजल्यावर चढवला तर दाराच्या चौकटीखाली लोंबायला लागला. मीटिंग भरली. आर्किटेक्टने इंजिनिअरकडे बोट दाखवलं, इंजिनिअरने एसीवाल्याकडे, एसीवाल्याने मुलीकडे. तिच्यापुढे बोट दाखवायला कोणी उरलंच नव्हतं. मालक मूळचे लूमवाले, यंत्रमागांवर पैसा केलेले. ते म्हणाले, "ये कॉम्प्युटर का खेल बंद करो. उद्यापासून हिला सुट्टी." मुलीने खाली मान घालून एवढंच मागितलं, की जाण्याआधी एकदा साइटवर मोजू द्या.

टेपचं दुसरं टोक धरायला भावोजी गेले. मागोमाग मीही गेलो. तिने मोजलं, पुन्हा मोजलं. "काका, मजल्याची उंची नऊ इंच कमी भरते." भावोजींचा चेहरा पडला. भरतीला खाडीचं पाणी तिथवर चढतं म्हणून त्यांनी जोतं आपल्या अकलेने नऊ इंच उचललं होतं. इमारतीची एकूण उंची मंजुरीत ठरलेली, म्हणून तेवढी तळमजल्यातून कापली होती. सांगितलं कोणालाच नव्हतं. तीस वर्षं साइटवर असंच चालत आलेलं होतं.

ते मीटिंगमध्ये परत आले, खिशात नेहमी असायच्या त्या सुपाऱ्या टेबलावर ओतल्या आणि पहिली स्वतः उचलली. "हे नऊ इंच माझं. पोरीला काढू नका, काढायचं तं मला काढा."

मालक काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. "काकांनी जोतं उचललं ते बरोबरच आहे. मला कळायला हवं होतं, इतकंच. साइटवर काय बदललं ते मला रोज कोण सांगणार?"

भावोजींनी दुसरी सुपारी उचलली. मग सगळ्यांनाच उचलाव्या लागल्या. आपापली चूक ज्याची त्याने सुधारायची, मॉडेलमध्ये कशाची कशाशी टक्कर दिसली की मुलीने त्याच दिवशी कळवायची, आणि दोघांचं जमलं नाही तर निकाल मालकांनी द्यायचा. त्यांचीही सुपारी होतीच. डक्ट चपटा करून बसवला आणि मुलगी राहिली.

त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला तिचा फोन यायचा. "काका, आज काय बदललं?" भावोजी साडेचारपासून वही उघडून बसत. एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी येताना ते म्हणाले, "तीस वर्सं मी सगल्यांना इचारत आलो. मला इचारनारी ही पयलीच."

मला वाईट वाटलं. चारचौघांत मी त्यांच्या इतक्या नकला केल्या, पण विचारलं कधीच काही नव्हतं. मी स्कूटर कडेला घेतली आणि विचारलं, खाडीचं पाणी टेमघरला कुठवर चढतं हे तुम्हाला कसं ठाऊक? ते म्हणाले, लहानपणी त्यांचे वडील हॉस्पिटलच्या त्याच जमिनीवर खंडाने, म्हणजे ठरलेला वाटा देऊन, शेती करायचे. एका उधाणात झोपडीत कमरेएवढं पाणी शिरलं. आईने त्यांना खांद्यावर घेऊन रात्र काढली, आणि पाणी ओसरल्यावर दाराच्या खांबाला कोयत्याने खूण केली. झोपडी गेली, खांब गेला, पण उंची त्यांच्या ध्यानात राहिली. हॉस्पिटलात माणसं झोपलेली असणार, म्हणून जोतं त्या खुणेच्या वर घेतलं, असं ते म्हणाले.

ही गोष्ट ताईलाही ठाऊक नव्हती.