पावसाळी बाजूची भिंत

"शोभामावशी गेली, काका. झोपेतच." शोभाताईंच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या ऑफिसात एका शाळेच्या नकाशावर काम करत बसलो होतो. मी "बरं" म्हणालो... बरं! फोन ठेवला आणि पुढची भिंत काढायला घेतली. त्याला आता महिना होऊन गेला. सांगलीला जाणं झालं नाही. रजा मागायला गेलो की कुणीतरी माझी कागदपत्रं उघडून बघेल, अशी धास्ती मला अजून वाटते. वय झालं, केस गेले, ती धास्ती काही गेली नाही.

त्या धास्तीची सुरुवात सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, पाटणकडचा. आठवीतून शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली दगड घडवले, पुढं स्वतः करणी धरून भिंती रचल्या. कराडला क्लास लावून कॉम्प्युटरवर नकाशा काढायला शिकलो आणि त्या आर्किटेक्ट साहेबांना सांगितलं, दहावी पास आहे. दाखला गावाकडं आहे, आणतो. तो दाखला आणतोय आणतोय म्हणत मी चार महिने काढले. शोभाताई तिथल्या सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन. आयटीआय केलेल्या, पन्नाशीकडं झुकलेल्या, बुद्धपौर्णिमेला अख्ख्या ऑफिसला पुरेल एवढी खीर आणणाऱ्या, आणि रेघ चुकली की तोंडावर सांगणाऱ्या.

तेव्हा नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात भिंत दोन रेघांनी काढायची नसे. यादीतून भिंतीचा प्रकार निवडायचा, म्हणजे जाडी, वीट, गिलावा सगळं आपोआप येई. ती यादी ताईंनी बनवलेली. ऑफिसातले सगळे नकाशे त्या एका यादीवर चालत. शिवाय ताईंची एक लांबट वही होती. प्रत्येक भिंतीला एक पान : नाव, बाहेरून आत काय काय, आणि खाली "कुणी सांगितली". त्यांचा नियम एकच. "चालू भिंतीला हात लावायचा न्हाई. तिच्यावर कुणाकुणाची घरं उभी हायती ते आपल्याला म्हाईत नसतंय. वेगळी पायजे तर कॉपी काढ, नवं नाव दे."

मी तो नियम ऐकला होता, पण मला तो नीट कळला नव्हता. पाटणच्या एका गुरुजींच्या घराचा नकाशा माझ्याकडं आला. आमच्याकडं पावसाच्या बाजूला नऊ इंची भिंत टिकत नाही, ओल आत येते. अठरा इंची यादीत नव्हती. विचारलं तर हा कुठला, हे याला कसं ठाऊक, असं निघेल म्हणून मी विचारलंच नाही. यादीतल्या नऊ इंचीचेच अठरा केले. वाटलं, माझ्यापुरतंच बदलेल.

दोन दिवसांनी एका डॉक्टरांच्या बंगल्यावरचे मुकादम नकाशाची सुरळी घेऊन ऑफिसात आले. "आवं ताई, डॉक्टरांच्या न्हाणीत माणूस आत जाईल, पण वळंल कसा? का तसाच उलटा भाईर यायचा?" सगळे हसले. मी नाही हसलो. नकाशा छापण्याआधी कुणीतरी ताजी यादी ओढून घेतली होती आणि बंगल्याची प्रत्येक भिंत दुप्पट फुगली होती. जमिनीवर आखणीची फक्की पडली होती, आतल्या दोन भिंतींच्या पायाचे चरसुद्धा खणून झाले होते.

साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. "यादीत हात कुणी घातला?" ताईंनी माझ्याकडं पाहिलं, थोडं थांबल्या... मी बोलावं म्हणून थांबल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी मी म्हणालो, "मी, साहेब."

"का?"

मग सांगावंच लागलं. बाहेरून काळा दगड, आतून वीट, दोन्ही बांधून ठेवायला दर दोन फुटांवर एक आरपार दगड. बाहेरून गिलावा करायचा नाही, नुसत्या दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, भरायच्या, कारण पावसानं गिलावा फुगतो. बोलताना माझे हातच भिंत रचत होते. ताई वहीत 'पावसाळी बाजूची भिंत' असं नवं पान काढून भराभर लिहीत होत्या. "कुणी सांगितली" पुढं त्यांनी माझं नाव लिहिलं, थांबल्या, आणि पुढं शब्द जोडला : गवंडी. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझी बोटं पाहून ओळखलं होतं म्हणे.

साहेबांनी वही वाचली. "मग ते दहावीचं?"

ताईच म्हणाल्या, "साहेब, दहावीत ही भिंत शिकवत न्हाईत. त्याला पायजे ती भिंत आपल्या यादीत नव्हती, ती चूक माझी. चर बुजवून घ्यायला तो जाईल. नोकरीचं काय ते तुमी ठरवा."

चर मीच बुजवले, मुकादमांची टोमणेबाजी ऐकत. साहेबांनी दाखला पुन्हा कधी मागितला नाही. पुढं एकदा मी ताईंना विनवलं, ताई, तेवढं गवंडी खोडा की. त्या म्हणाल्या, "वहीत खाडाखोड चालत न्हाई. लाज वाटत आसंल तर दुसरं पान घे, दुसरी भिंत सांग." मी आणखी अकरा भिंती सांगितल्या. प्रत्येक पानावर तोच शब्द.

मस्कतला येताना त्यांनी ती यादी मला डिस्कवर भरून दिली. सॉफ्टवेअर किती वेळा बदललं, यादी मी प्रत्येक वेळी सोबत ओढत आणली. इथं पाऊस नावाला पडतो. पावसाळी बाजूची भिंत सगळ्यात तळाशी पडून असते, तिला मी कधी हात लावला नाही. नियमच तसा.

परवा मात्र राहवलं नाही. त्या भिंतीच्या माहितीची चौकट पहिल्यांदाच उघडली. जाडी, थर, सगळं जिथल्या तिथं होतं. खाली शेरा लिहायची एक जागा असते, ती रिकामी असेल असं मला वाटलं होतं. तिथं इंग्रजी अक्षरांत ताईंनी मराठी वाक्य लिहून ठेवलं होतं : बदलण्याआधी गवंड्याला विचारा.

शेजारच्या टेबलावरचा केरळचा सहकारी वाकून वाचायला लागला. मला इथं येऊन इतकी वर्षं झाली, पण शाळेचा, गावाचा विषय निघाला की मी चहा आणायला उठतो, हे त्याला माहीत आहे.

"गवंड्याला मतलब?" त्यानं विचारलं.

मी उठलो नाही. "मिस्त्री," म्हणालो. "मतलब... मैं."