एका बाईची दोन कार्डं

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागायची. साल १९९३. तारापूरच्या एमआयडीसीतली सुताची गिरणी ती. मशीनला धूळ चालत नाही असं मुंबईहून आलेल्या माणसाने सांगितलं होतं, लोकांनी त्या खोलीचं देवघरच करून टाकलं. मॅनेजरसाहेबसुद्धा बूट काढून आत यायचे. फक्त टाइमकीपर बळवंत तामोरे कधी आत आले नाहीत. दारातूनच विचारायचे, "चंद्रा, तुजा देव जेवला का?"

चंद्रा म्हणजे मी, चंद्रकांता सावे, पालघरजवळच्या माहीमची. पालघरलाच टायपिंग शिकले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि चारशे कामगारांची कार्डं त्या मशीनमध्ये भरायला लागले. आपण फार मोठं काम करतो आहोत असं मला वाटायचं. ते खरंही होतं, पण मला वाटत होतं त्या कारणाने नाही.

तामोरेकाका एडवणचे मांगेले. घरात मासेमारीच्या दोन होड्या, आणि या माणसाला होडी लागायची. किनारा सुटला की उलट्या सुरू. शेवटी बापाने सांगितलं, याला शाळेत घाला, दर्याला हा नको आणि याला दर्या नको. मॅट्रिक झाले, वीस वर्षं इकडेतिकडे कारकुनी केली आणि शहात्तर साली गिरणीच्या फाटकाशी टाइम ऑफिसात बसले, ते तिथेच. माणूस चालीवरून ओळखायचे. कुणाची बायको बाळंत आहे, कुणाचा मुलगा आश्रमशाळेतून पळाला, सगळं तोंडपाठ. कार्डावर मात्र नाव आणि 'काळा, उंच' एवढंच. मी विचारलं की म्हणायचे, "मला म्हायती हाय ना."

"आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

"मंग नवा टाइमकीपर शिकेल."

कॉम्प्युटरला असलं चालत नसे. एका माणसाला एकच नंबर. नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, कामावर लागल्याची तारीख, ओळखीची खूण. एक रकाना मोकळा ठेवला की पुढचं पान उघडायचं नाही, नुसताच आवाज करायचा. मी वैतागायचे. त्या हट्टापायीच खुणेसाठी मी कार्डांवरचे अंगठे निरखायला लागले.

पॅकिंग खात्यात मंगळी बुधा वरठा या नावाचं कार्ड होतं. डाव्या अंगठ्याच्या ठशात विळ्याचा जुना वार तिरका उमटलेला. तसं लिहिलं आणि पुढे गेले. चार दिवसांनी मंगळी जिवल्या धोडी हे कार्ड हाती आलं. तोच अंगठा, तोच वार. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. एक नाव सात महिने कामावर, मग बंद. ते बंद झालं की दुसऱ्याच दिवसापासून दुसरं चालू. पुन्हा सात महिने, पुन्हा पहिलं. असं आठ वर्षं, सुरुवातीचं एक सोडून.

कार्डं घेऊन मी फाटकाशी गेले. काकांनी ती बघितली आणि खिडकी लावून घेतली.

"हंगामी माणसाचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर त्याला कायम करायला लागतं," ते म्हणाले. "म्हणून सात म्हयने झाले का वरून तोंडी निरोप येतो, ब्रेक द्या. नाव कापायचं, तीन म्हयन्यांनी परत लावायचं."

"मग हिचं काय?"

"ही चौऱ्याऐंशीला लागली. पयल्या ब्रेकला वीटभट्टीवर गेली, तवा पोटुशी होती. परत आली ती मोकळ्या हाताने. पोर तिकडंच गेलं." काकांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली. "मंग पुढच्या ब्रेकला मी बापाचं नाव कापलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं लावलं. तिचा एक दिवस बुडू दिला नाय चंद्रा. बाप्याला हे करता येत नाय. बायकांना दोन नावं असतात."

उपकारच होता तो. आणि त्या उपकारामुळे आठ वर्षं सलग राबलेली बाई कागदावर कधी सात महिन्यांपुढे गेली नव्हती. तिची निम्मी वर्षं भलत्याच बाईच्या नावावर होती, आणि ती भलती बाई पुन्हा तीच.

गोष्ट तशीच दबली असती. पण त्याच महिन्यात मॅनेजरसाहेबांनी नोटीस लावली. एकतीस मार्चला कॉम्प्युटर ज्यांचे एखाद्या तरी वर्षात दोनशे चाळीस दिवस दाखवेल ते कायम. बाकीचे हंगामी बंद, ठेकेदार नेईल तर नेईल. यादी मशीन काढणार, वशिला चालणार नाही.

मी मंगळीचे दिवस मशीनकडून काढून बघितले. दोन्ही कार्डं एक केली तर जवळजवळ दर वर्षी तीनशेच्या आसपास. वेगळी ठेवली तर एकही वर्ष भरत नव्हतं. दोन नंबर एक करायची सोय होती, पण त्याआधी दुरुस्तीचा कागद लागे. चूक कुणाची, का झाली, आणि खाली टाइमकीपरची सही. सही म्हणजे खोट्या हजेरीची कबुली, आणि काकांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणाले, "काका, चारच दिवस उरले."

"मला तारीख समजते," ते म्हणाले.

इतकं तुटक ते कधी बोलत नसत. घाबरले होते. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आला तो रागच. तेविसाव्या वर्षी दुसऱ्याची नोकरी पणाला लावायला काही वाटत नाही.

त्या संध्याकाळी पाळी सुटली. मंगळी सालवड गावच्या बायकांबरोबर फाटकातून निघाली होती. काकांनी तिला खिडकीशी बोलावलं. मी टाइम ऑफिसात आतच बसले होते.

"मंगळी, तुजं पूर्ण नाव सांग."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कोणतं सांगू काका? आता कोणतं चालू हाय?"

बरोबरच्या बायका हसल्या, तीही हसली. काका हसले नाहीत. "जा घरी," म्हणाले. मग खुर्चीत बसून त्यांनी दुरुस्तीचा कागद पुढे ओढला. 'चूक कुणाची' यासमोर स्वतःचं नाव लिहिलं. 'का झाली' यासमोर पेन टेकवलं आणि लिहिलं, 'मला वाटलं मी तिचं भलं करतो.'

"वरून निरोप यायचा तेही लिहा ना," मी म्हणाले.

"तोंडी होतं ते. तुजा देव तोंडी ऐकतो काय?"

दुसऱ्या दिवशी नंबर एक करताना मशीनने विचारलं, नाव कोणतं ठेवायचं. मी मंगळीला बोलावून घेतलं. तिने विचार केला आणि बापाचं सांगितलं. लागले तेव्हा तेच होतं, म्हणाली.

एखाद्या वर्षी ब्रेक द्यायचा राहून गेला अशी सदतीस नावं यादीत निघाली, आणि त्यांत मंगळी बुधा वरठाही होती. काकांना चार्जशीट मिळाली. चौकशी फार लांबली नाही, तोंडी निरोपांची चर्चा साहेबांनाही नको असावी. जूनमध्ये काका मुदतीआधीच घरी बसले. हार नाही, नारळ नाही. मी तेव्हा त्या मशीनला खूप शिव्या घातल्या. पुढे माझं सगळं आयुष्य अशाच मशीनवर माणसांच्या नोंदी ठेवण्यात गेलं, म्हणून सांगते, शिव्या भलत्याला घातल्या. त्या मशीनने काकांना पकडलं नव्हतं. एक माणूस एकच धरायचा, एवढाच त्याचा हट्ट होता. तो हट्ट आमच्यापैकी कुणीच धरला नव्हता, ज्यांना माया होती त्यांनीही नाही.

दिवाळीनंतर मंगळी माझ्या दारात आली आणि काकांचं घर कुठे म्हणून विचारलं. मी पडद्यावर तिचा नंबर काढला. भरपगारी रजा, अकरा दिवस. तिला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. त्यातला एक दिवस तिने घेतला, माझ्या रजेतला एक मी घेतला, आणि आम्ही एस.टी.ने एडवणला गेलो.

काका अंगणात जाळं विणत बसले होते. मंगळीला बघताच त्यांचा चेहरा उतरला. "आज बुधवार," ते म्हणाले. "खाडा केलास? आता कशाला दिवस बुडवलास गो?"

"खाडा नाय काका," मंगळी म्हणाली. "रजा हाय."

काकांनी हातातलं जाळं खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. रडत होते. ते वळेपर्यंत मंगळीने पिशवी अंगणात ठेवली आणि जाळ्याशी बसून घेतलं.