पत्र्याचा दुमडलेला कोपरा

पत्रेगुरुजींच्या हातात खडूपेक्षा खिळा जास्त वेळ असायचा. मधली सुट्टी झाली की पोरं हापशाकडे पळायची आणि गुरुजी शाळेच्या ओट्यावर उकिडवे बसून तेलाच्या डब्याच्या पत्र्याला भोकं पाडायचे. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मला वाटलं, शाळेची डागडुजी चाललीय आणि हा कुणीतरी कारागीर आहे. मी त्यांनाच विचारलं, "मुख्याध्यापक कुठं भेटतील?" त्यांनी ओठांत धरलेला खिळा काढला आणि म्हणाले, "भेटलं की, मीच हाय. बसा."

मी फलटणची. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नोकरी लागली ती पलूसजवळच्या एका मळ्यातल्या शाळेत. एक खोली, चार इयत्ता आणि मी एकटी. त्यातच क्षमतांची नोंदवही आलेली. कोणत्या पोराला हातच्याची बेरीज येते, कोणाला येत नाही, हे प्रत्येक विषयाचं, प्रत्येक पोराचं वेगळं लिहायचं. आठवड्याला चाचणी घ्यायची आणि पेपर तपासता तपासता रविवार घालवायचा. माझं तोंड बघूनच केंद्रप्रमुख साहेबांनी मला शेजारच्या गावातल्या या गुरुजींकडं पाठवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दोन किलोमीटर चालत त्यांच्याकडं जायची.

त्यांची युक्ती अगदी साधी होती. प्रत्येक प्रश्नापुढं चार चौकोन, पोरानं बरोबर उत्तराच्या चौकोनात फुली मारायची. असे पन्नास प्रश्न दोन रांगांत छापलेले. पत्रा नेमका कागदाएवढा कापलेला आणि बरोबर उत्तराच्या जागी तेवढी भोकं. पत्रा कागदावर ठेवायचा, भोकांतून दिसतील तेवढ्या फुल्या मोजायच्या, झाले मार्क. एका पेपराला अर्धं मिनिट लागायचं. आधी ते पुठ्ठा वापरायचे, पण पुठ्ठा उंदरांनी खाल्ला. मग त्यांनी डबा कापला. प्रत्येक चाचणीला नवा पत्रा, आणि जुने सगळे वर्गात खिळ्याला टांगलेले. वारा सुटला की वर्गात नुसती खडखड.

"एवढी घाई कशाला गुरुजी?" मी एकदा विचारलं. मला खरंच वाटायचं की हे आळसाचं काम आहे. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आवं बाई, तपासण्यात जो तास जातो तो पोराच्या वाट्याचा हाय. किती चुकलं ते पत्रा सांगतो. का चुकलं ते पोरगंच सांगतं, पर त्याच्यापाशी बसाय नको?" आणि ते खरंच बसायचे. वाचलेल्या वेळात एकेका पोराला जवळ घ्यायचे आणि म्हणायचे, "ही फुली इथं का मारलीस? मला पटवून दे." पोरगं पटवून देता देता स्वतःच जीभ चावायचं.

पत्र्यावर त्यांचा जीव होता, पण विश्वास आंधळा नव्हता. एकदा संज्या नावाच्या एका कार्ट्यानं चारही चौकोनांत फुल्या मारून ठेवल्या. सगळ्या भोकांतून फुल्या दिसल्या आणि संज्याला पन्नासपैकी पन्नास. गुरुजी पोट धरून हसले. नंतर मात्र त्यांनी मला बजावलं, "पत्र्याला डोळं न्हाईत, नुसती भोकं हायत. आधी आपण कागद बगायचा, मग पत्रा ठिवायचा." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

त्या हिवाळ्यात साहेबांनी सगळ्या केंद्राची मिळून चौथीच्या शिष्यवृत्तीची सराव परीक्षा घेतली. बारा शाळांची मुलं. पहिल्या वीस जणांना पलूसला दोन महिने जादा वर्ग मिळणार होता, आणि त्यातल्या मुलींची पुढं पाचवीला सांगलीच्या वसतिगृहात सोय होणार होती. गुरुजींच्या शाळेतली मंगल त्या वीसात येणार हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. बारीक चणीची, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेली मुलगी. तिची आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायची. तिनं गुरुजींना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "यादीत नाव आलं तर धाडीन सांगलीला. न्हाईतर चौथी झाली तेवढी बास. धाकट्याला कोण बगणार?" बाई बोलली ते रागानं नाही. तिच्या घरचा हिशोबच तसा होता. गावात पाचवी नव्हती आणि हायस्कूल दीड कोसावर.

परीक्षा संपली तशी आम्ही सगळे मास्तर-बाई तपासायला गुरुजींच्याच शाळेतल्या एका खोलीत बसलो. गुरुजींनी या पेपराचे दोन पत्रे केले होते, एक त्यांना आणि एक मला. बाकीचे बेरजा करायला आणि यादी लिहायला. आपल्या शाळेचा गठ्ठा आपण तपासायचा नाही हा नियम, त्यामुळं गुरुजींच्या शाळेचे अकरा पेपर माझ्याकडं आले. पत्र्याची एक बाजू डब्याच्या रंगामुळं पिवळसर होती, दुसरी नुसती चकचकीत. "पिवळी बाजू वर," गुरुजींनी दोनदा सांगितलं.

मधे चहा आणि भजी आली. हात तेलकट झाले म्हणून मी पत्रा पदराला पुसला आणि परत ठेवला. माझ्याकडचा पुढचा, शेवटचा गठ्ठा गुरुजींच्या शाळेचाच होता. पहिल्या पेपराला अकरा मार्क. दुसऱ्याला नऊ. मग चौदा, मग बारा. मी थबकले. गुरुजींची पोरं इतकी कच्ची? मंगलच्या पेपराला तेरा आले. मी समोर पाहिलं. गुरुजी मान खाली घालून दुसरा गठ्ठा तपासत होते. मला त्यांची दया आली. खरं सांगते, दया आली, आणि भीड वाटली. एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला भर खोलीत कसं म्हणायचं, की गुरुजी, तुमची पोरं सगळी नापास होताहेत? मी गुपचूप मार्क लिहिले आणि गठ्ठा बांधून टाकला.

मार्क मोठ्यानं वाचून दाखवायचे होते. मीच वाचले. गुरुजींच्या शाळेचे आकडे वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला. कुणीतरी खाकरलं. गुरुजींनी एकदा माझ्या टेबलाकडं बघितलं आणि परत मान खाली घातली. साहेबांनी वीस नावांची यादी केली, खाली सही ठोकली. गुरुजींच्या शाळेचं एकही नाव नव्हतं. दारातून बाहेर पाहिलं तर ओट्याच्या कडेला मंगलची आई धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती दारावरची नजर काढत नव्हती.

मी टेबल आवरायला घेतलं. पत्रा उचलायला हात घातला. पिवळी बाजू खाली होती. छापताना कागदाच्या वर आणि खाली सारखीच जागा सोडलेली, त्यामुळं पत्रा उलटा ठेवला तरी भोकं चौकोनांवर चपखल बसत होती. फक्त भलत्याच चौकोनांवर. चहानंतरचे अकराच्या अकरा पेपर मी उलट्या पत्र्यानं तपासले होते.

कुणाला काही कळलं नव्हतं. गठ्ठे बांधून झाले होते, साहेब मोटारसायकलची किल्ली शोधत होते. माझं पहिलंच वर्ष, अजून कायम व्हायची होते, आणि माझा अहवाल याच साहेबांच्या हातात. गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं. मी ते मिनिट अजून विसरलेले नाही, कारण त्या मिनिटभर मी खरंच गप्प बसायचं ठरवलं होतं. मग बाहेर ते धाकटं रडायला लागलं आणि त्याची आई त्याला म्हणाली, "थांब रं, आक्काचं नाव यायचंय."

मी गुरुजींजवळ गेले. "गुरुजी, तुमच्या शाळेचा गठ्ठा परत बघायला हवा. पत्रा उलटा पडला होता. माझ्या हातून."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता ते उठतील आणि सगळं सावरून घेतील. ते उठले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मी बोललो तर लोक म्हणतील, सोताच्या पोरांसाठी बोलतोय. तुमी बोला, बाई. मी शेजारी हुबा ऱ्हातो."

असा राग आला होता मला त्यांचा. चूक माझी होती, मान्य, पण म्हणून मला एकटीला पुढं ढकलायचं? मी साहेबांसमोर गेले आणि सांगितलं.

"यादीवर सही झालीय," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण ती यादी चुकलीय."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "बाई, तुमचं कायम व्हायचं बाकी आहे ना?"

"बाकी आहे," मी म्हणाले. पण जागची हलले नाही. गुरुजी माझ्या डाव्या हाताला उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी तेच बोलले. "साहेब, माझा एकला गठ्ठा काढू नका. बाराच्या बारा शाळांचं पेपर हातानं तपासा. पत्रा बाजूला ठिवा."

मग काय, एकच कालवा. एकाची उंब्रजची एसटी चुकणार होती, एकीचं लेकरू तापलं होतं. ज्यांच्या पोरांची नावं यादीत आली होती ते तर आमच्याकडं खाऊ का गिळू असं बघत होते. पण साहेब, माणूस तिरसट असला तरी बेइमान नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिला गठ्ठा स्वतःच सोडला. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळे पेपर तपासले. मंगलला सेहेचाळीस मार्क निघाले. गुरुजींच्या शाळेची तीन नावं यादीत आली आणि तीन नावं गळाली. गळालेल्यांपैकी एकाच्या बापानं, आतली बातमी फुटली तशी, दुपारीच पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच्या घरी गेले, मलाही नेलं. त्या माणसानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी जाताना हुकूम सोडला होता, "हे पत्रे यापुढं केंद्रात दिसता कामा नयेत." गुरुजी "व्हय साहेब" म्हणाले. एवढ्या वर्षांची खटपट, आणि वाद न घालता पत्रा पिशवीत टाकला. मला रडू आलं. मी म्हणाले, "गुरुजी, पत्र्याची काय चूक? मी उलटा ठेवला." ते म्हणाले, "पत्र्याला डोळं न्हाईत, बाई. आपल्याला हायत, पर भीड पडली की आपण ते मिटतो." मला वाटलं, ते माझ्याबद्दलच बोलताहेत. ते मला फार लागलं.

महिन्याभरानं त्यांच्या शाळेत गेले, तर ओट्यावर तीच ठकठक. केंद्रात बंदी होती, स्वतःच्या वर्गात नव्हती. एक गोष्ट मात्र नवी होती. प्रत्येक पत्र्याचा एक कोपरा त्यांनी पक्कडीनं वर दुमडला होता. सरळ ठेवला तर पत्रा कागदावर सपाट बसायचा. उलटा ठेवला की तो कोपरा खाली यायचा, पत्रा डुगडुगायचा आणि टेबलावर खडखड वाजायचा. माझ्यासारख्या धांदरट बाईसाठी केलेली सोय, असं समजून मनातल्या मनात ओशाळले.

जूनमध्ये मंगल सांगलीला गेली. एसटीत बसवायला गुरुजी स्वतः आले होते. मी पुढं कायम झाले, बदल्या झाल्या, आणि त्या दशकाच्या शेवटी गुरुजी निवृत्त झाले. नंतर एकदा कळलं, की त्यांना सांगलीला दवाखान्यात ठेवलंय. भेटायला गेले. खाटेवर मुटकुळं करून पडले होते, हाताची बोटं मात्र चादरीवर खिळा धरल्यासारखी. मी इकडचं तिकडचं बोलले. आता म्हणे संगणक पेपर तपासणार, वगैरे. ते ऐकत होते. मग एकदम म्हणाले, "त्या दिवशी मला दिसलं व्हतं, बाई."

"काय दिसलं होतं?"

"तुमच्या टेबलावरचा पत्रा. तुमी मार्क वाचत व्हता तवाच. चकचकीत बाजू वर. मला लांबनं दिसली." ते थांबले. त्यांना धाप लागली होती. "साहेबांनी सही केली तवाबी मी गप. माझी पोरं म्हणून बोलाय भीड पडली. तुमी न्हाई बोलला असता तर मी तसाच घरी गेलो असतो. मंगलची पाचवी गेली असती, आणि मला ठावं असून गेली असती."

मी त्यांचा हात धरला.

"तो कोपरा तुमच्यासाठी न्हाई दुमडला," ते म्हणाले. "तुमाला वाटत असंल तसं. माझ्यासाठी दुमडला. म्हणलं, मी गप बसलो तरी पत्र्यानं तरी वाजावं."

पंधरा दिवसांनी ते गेले. त्यांच्या बायकोनं जुन्या कापडात गुंडाळून एक पत्रा माझ्या हातात दिला. मी पुढं मुख्याध्यापिका झाले तेव्हा तो माझ्या टेबलावर ठेवला. निकालपत्रकावर सही करायच्या आधी मी तो मुद्दाम उलटा ठेवायची आणि बोटानं दाबायची. तो वाजायचा. समोर बसलेल्या नव्या शिक्षिका दचकून वर बघायच्या, आणि मी विचारायची, "कुणाला काही बोलायचंय का?"