सगुणेची झाकली मूठ

कासू गावाच्या पलीकडं, भातानंतर वाल पेरणाऱ्या एका गावात सगुणा राहते. बाई तशी धीट. विहिरीपाशी नाग निघाला तेव्हा बाकीच्या बायका कळश्या टाकून पळाल्या, ही काठी घेऊन उभी राहिली. पण गेलं वर्षभर सकाळी लेकीला शाळेत धाडलं, की ही कामातून उठून उठून वाटेकडं बघायची, पोरगी परत दारात दिसेपर्यंत.

लेक भाविका, चौथीतली. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून ते सुईनं द्यावं लागतं. रोह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सुई घेतल्यावर वेळेवर खायलाच हवं. नाहीतर साखर उतरते, पोर बेशुद्ध पडते, जिवावरही बेततं. शाळेत सांगून ठेवा."

सगुणेनं सांगितलं नाही. सासू धोंडुबाई म्हणाली, "पोरीची जात हाय. उद्या कोन करून घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची." घ्या! पोरीला अजून धड वेणी घालता येईना आणि म्हातारीला तिच्या लग्नाची काळजी. पण खरं सांगायचं तर सगुणेलाही तीच भीती. तिनं भाविकाला देवापुढं उभं करून शपथ घातली, कुणापाशी बोलायचं नाय.

मार्गशीर्षातला गुरुवार आला. घरोघरी बायकांचे लक्ष्मीचे उपास. वर्गातल्या पोरींनीही टूम काढली, आपण पण धरू. भाविका नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार. सकाळची सुई अंगात होती, आणि दुपारी खिचडीचं ताट तिनं तसंच परत केलं.

सगुणा शेतात वालातलं गवत काढत होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विमलबाई धापा टाकत बांधावर आल्या. "सगुणा, चल गो. पोरगी कसंसंच करते."

सगुणा अनवाणीच धावली. वर्गात भाविका भिंतीला टेकलेली, घामानं थबथबलेली. डोळे उघडे, पण नजर ठरत नव्हती. वर्गशिक्षिका सुरभीबाई वहीनं वारा घालत म्हणाल्या, "उपासानं पित्त चढलंय. पडू दे जरा."

पडू दे म्हणे. तशीच पडू दिली असती तर उठली नसती. सगुणेनं दाराकडं पाहिलं. दारात पोरांची गर्दी. तिला वाटलं, अख्खा गावच उभा आहे. मग तिनं तोंड उघडलं. "बाई, तिला शुगर हाय. सुई घेते ती. साखर आना."

"शुगर असून साखर?" विमलबाई जागच्या हलेनात.

"ती उतरलीय, विमलबाई. आना, पाया पडते."

साखरेचं पाणी घोट घोट पोटात गेलं. तेवढा वेळ सगुणेला देवाचं नाव घ्यायचीही भीती वाटत होती. त्याच्याच पुढं तर शपथ घातली होती.

हळूहळू भाविकाची नजर ठरली. सुरभीबाईंनी वही खाली ठेवली. "सगुणाताई, मला आधी कळायला नको? कधी काय करायचं, सगळं मला दाखवा. मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरांकडं."

भाविकानं दारातली गर्दी पाहिली, विमलबाईंच्या हातातला साखरेचा डबा पाहिला आणि तिचा चेहरा पार उतरला. आईचा पदर धरून ती कुजबुजली, "आई, मी नाय सांगितलं गो कुनाला. शप्पथ."

सगुणेला रडू कोसळलं. जीव जायची वेळ आली तरी पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. तिला पोटाशी धरून सगुणा दाराकडं वळली आणि पोरांना म्हणाली, "आत या रे सगली. हिला काय झालंय ते सांगते."