गावातलं मधलं घर

आमच्या खाडीकाठच्या गावात माणूस स्वतःची मिळकत सांगत नाही. सांगितली की दृष्ट लागते. माझ्या बाबांनी ती लग्नापासून आईलाही सांगितली नव्हती, आणि मी निघाले होते साऱ्या गावाला विचारायला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अर्थशास्त्र घेऊन नुकतीच पदवीधर झाले होते. आमच्या गावातल्या मुलींची कॉलेजची फी एक संस्था भरायची. मी तशीच शिकले, आता धाकट्या बहिणीची पाळी होती. पण नव्या शहरासाठी सरकारने जमिनी घेतल्यानंतर गावातली मोजकी घरं बिल्डर झाली होती. संस्थेच्या साहेबांनी त्यांच्यासकट गावाच्या एकूण मिळकतीचा अंदाज घरांच्या संख्येने भागून सरासरी काढली, गाव श्रीमंत ठरवलं आणि फी बंद करायचं ठरवलं. माझं डोकं फिरलं. मी त्यांना जाऊन म्हटलं, "टोपलीत एक मोठा घोळ मासा पडला म्हणून बाकीची बारकी मांदेली मोठी होत नाहीत. गावाच्या मधोमध जे घर आहे त्याची मिळकत बघा." साहेब म्हणाले, "मग तुम्हीच काढून आणा. आत्ताची आणि जमिनी जायच्या आधीचीही. आमच्या मॅडम तपासतील."

मी फॉर्म घेऊन दारोदार फिरले. शेजारची काकी म्हणाली, "आमच्याकडं काय हाय गो? पेज पितो." तिच्या पाठीमागे नवाकोरा रंगीत टीव्ही चालू होता. पुढच्या घरीही पेज, त्याच्या पुढेही पेज. माझ्या फॉर्मांवर विश्वास ठेवायचा तर सगळं गाव उपाशी मरायला टेकलं होतं.

मी चिडून देवळाच्या ओट्यावर येऊन बसले. तिथे बायका सुकट निवडत होत्या. तीच काकी दुसऱ्या एका घराबद्दल सांगत होती, "त्यांना चार खोल्यांचं भाडं येतं, आनि सांगतात काय, तर नाय परवडत." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मला एकदम उमगलं. स्वतःची मिळकत कोणी सांगत नाही, पण शेजाऱ्याची प्रत्येकाला तोंडपाठ असते. मधलं घर शोधायला मला सगळ्यांचे आकडे कशाला हवेत? नुसता क्रम पुरे.

मी घरटी एक चिठ्ठी केली आणि बायकांपुढे चटईवर ठेवली. जास्त मिळकतीचं घर वर, कमीचं खाली. मग जी जुंपली! जी ती स्वतःला खाली ओढत होती आणि दुसरीला वर ढकलत होती. दमल्यावर क्रम आपोआप लागला. मग म्हाताऱ्यांना बोलावून जमिनी जायच्या आधीचाही लावला. कुणाची शेती किती, होडी कुणाची, त्यांना सगळं आठवत होतं.

मी दोन्ही टोकांकडून मोजत मध्यावर आले. जुन्या रांगेतलं मधलं घर निघालं पेजवाल्या काकीचं. आत्ताच्या रांगेत मात्र माझा हात आमच्याच घरावर थांबला. ती चिठ्ठी बायकांत बसलेल्या आईने अगदी सुरुवातीला ठेवली होती आणि कोणीही हलवली नव्हती.

जुने आकडे काकीने कुरकुरत का होईना, दिले. मग मॅडम आमच्या घरी आल्या. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात काट्यावर माल तोलायच्या नोकरीला होते. मॅडमनी मिळकत विचारताच ते आढ्याकडे बघायला लागले. आता हेही पेज म्हणाले तर सगळं बुडालं.

"बाबा," मी म्हटलं, "गावातल्या पोरींची फी तुमच्या तोंडात हाय."

त्यांनी घोटभर पाणी प्यायलं आणि पगार सांगितला. ओव्हरटाइम सांगितला. एका खोलीचं भाडंही सांगितलं. आई कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आनि मी सुकट इकते, त्याचं कोन सांगनार?" तिने आकडा सांगितला. तो ऐकून बाबांचा ग्लास हातातच राहिला.

मॅडमनी आमचे पुरावे बघितले, वरच्या-खालच्या घरांचेही बघितले.

साहेबांच्या टेबलावर मी चिठ्ठ्यांची रांग मांडली. सरासरी कुठच्या कुठे गेली होती, मधल्या घराची मिळकत मात्र जुन्या दिवसांपेक्षा जेमतेम एक पायरी चढली होती. साहेबांना पटेना. मी म्हटलं, "वरचे बिल्डर काढून बघा." त्यांनी चिठ्ठ्या उचलल्या, कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. सरासरी धाडकन खाली आली. मध्य जरा सरकून आमच्या खालच्या एका घरावर गेला, पण त्या घराची मिळकत आमच्याएवढीच होती. साहेबांनी पुन्हा एकदा हिशेब केला. मग चिठ्ठ्या नीट गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "फी चालू राहील."

मी तिथेच, ऑफिसात, मोठ्याने हसले. आजही त्याची लाज वाटत नाही.

त्या जूनमध्ये गावातल्या मुलींबरोबर बहीण कॉलेजला गेली. आणि ज्या बाबांनी जन्मभर मिळकत झाकली, ते नाक्यावर भेटेल त्याला थांबवून सांगू लागले, "गावाच्या बरोबर मधी कोन हाय, ठाऊक हाय का? आमी."

आईने पहिल्याच संध्याकाळी मीठ-मिरची घेऊन त्यांची दृष्ट काढली.