ऐकलंत का?

लग्न झाल्यापासून मी यांना ‘अहो, ऐकलंत का’ अशी हाक मारते आणि पलीकडून ‘हं’ असं उत्तर येतं. भाजी संपली, हं. गॅसवाला येऊन परत गेला, हं. माझ्या मावसभावाने उतारवयात दुसरं लग्न केलं, तेव्हाही हं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असा आमच्याकडचा शिरस्ता, म्हणून ही हाक. पुढे पुढे मात्र तो मला खरोखरचा प्रश्न वाटायला लागला.

तसा माणूस गुणाचा. डोंबिवलीच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात यांची सगळी नोकरी सरली, आणि आराखड्यांशी बोलावं लागत नाही. मी ठाण्याच्या शाळेत प्राथमिकची बाई. खच्चून भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पाढे पोचवायचे म्हणजे घशाला धार येतेच. त्यामुळे आमच्या घरात आवाजाचं खातं माझ्याकडे आणि शांततेचं यांच्याकडे, अशी वाटणी होऊन गेली होती. दोघं निवृत्त झालो तरी खाती बदलली नव्हती.

मग गाडीतला जुना टेप बंद पडला. तो दुरुस्त करायला हे कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका कार म्युझिकच्या दुकानात गेले. दुपारी गेलेला माणूस दिवेलागणीला परतला. त्या दुकानात कसल्याशा स्पर्धेची तयारी चालली होती. ज्याच्या गाडीतला आवाज सगळ्यात मोठा, तो जिंकला. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. दारं-खिडक्या बंद करायच्या, आत माइक लावायचा आणि आवाज मोजायचा.

त्या दिवशी जेवताना हे आपण होऊन बोलले. म्हणाले, “पेटीचं माप बरोबर असेल तर साध्या स्पीकरचाही आवाज दुप्पट होतो.” मी भाताचा डाव हातात धरून बसून राहिले. यांच्याकडून न विचारता वाक्य यायचं म्हणजे आमच्याकडे पाहुणा आल्यासारखं होतं.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते यांनी अगदी मापात करून दाखवलं. आधी आराखडा काढला, मग तो खोडून दुसरा काढला. प्लायवूड आलं आणि गॅलरीत करवत चालायला लागली. माझ्या तुळशीवर भुसा, वाळत घातलेल्या चादरींवर भुसा, एकदा तर आमटीतही भुसा. “अहो, ऐकलंत का, आमटीत भुसा आहे,” म्हटलं, तर “हं” म्हणून दुसरी वाटी घेतली. पेटी तयार झाली ती आमच्या लोखंडी कपाटाच्या आडव्या भावासारखी. तिला पुढे एक लांबट भोक, हवा बाहेर पडायला, आणि मध्ये स्पीकर. पुरणपोळीची कणीक मळायची माझी मोठी परात आहे ना, तेवढा तो स्पीकर.

एवढी पेटी गाडीत मावणार कुठे? मागची सीट निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये आली. खिडकीखाली ठेवली. पाहुणे आले की तिच्यावर बसायचे. पट्टे तसेच लोंबत होते. माझ्या नणंदेचे यजमान बोलता बोलता सवयीने पट्टा लावून बसले आणि चहा झाल्यावर उठायला गेले ते परत खाली आले.

लोक हसत होते त्याचं मला काही नव्हतं. माझा जीव त्या सीटमध्ये वेगळ्याच कारणाने अडकला होता. दर संकष्टीला आमच्या इमारतीतल्या तिघी आणि मी, हे चालवायला, अशी आमची गाडी टिटवाळ्याच्या गणपतीला जायची. चौघींचं तोंड जाताना सुरू व्हायचं ते परत येईपर्यंत. हे मधूनमधून हं म्हणायचे. तीन संकष्ट्या बुडाल्या तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “अगं, राहू दे. आम्ही आपल्या रिक्षाने जाऊ. तू ये हवं तर, गाडीत पुढे एक जागा आहेच ना तुला!” हे मला झोंबलं. मी पुढे ऐटीत बसणार आणि त्या मागून रिक्षात धक्के खात येणार, अशी बाई मी नव्हते.

आणि वर त्या पेटीचा त्रास. हे खाली पार्किंगमध्ये तपासणी करायचे आणि माझ्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायच्या. तळमजल्यावरून फोन, “काकू, तुमच्याकडे घरघंटी घेतली का?” शेवटी सोसायटीने हात जोडले, तेव्हा हे ठाकुर्लीच्या पलीकडे मोकळ्या जागेत जाऊन तपासणी करायला लागले. तिथे यांच्याशी भांडायला फक्त बगळे होते.

एकदा मी विचारलं, “अहो, ऐकलंत का, स्पर्धेत गाणं कुठलं लावणार?”

“गाणं नसतं. एकच सूर असतो.”

“कसला सूर?”

“हूं.”

मला वाटलं नेहमीसारखं उत्तर दिलं. मग लक्षात आलं, तो सूर होता. एवढा भुसा, एवढं प्लायवूड, माझी सीट बाहेर, सगळं कशासाठी? तर यांचा तो हं मोठ्या आवाजात म्हणण्यासाठी. माझं डोकंच फिरलं. मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, “पहिल्या तिनात आलात तर मी सीटचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही आलात, तर पेटी खाली उतरेल, सीट आत जाईल आणि पुढच्या संकष्टीला आम्ही चौघी टिटवाळ्याला. कबूल?”

“हं,” म्हणाले. पण यावेळी माझ्याकडे बघून म्हणाले.

स्पर्धा शहाडच्या पुढे एका लग्नाच्या लॉनवर होती. संध्याकाळी तिथे कुणाचं तरी लग्न होतं, म्हणून स्पर्धा सकाळची. एकीकडे झेंडूच्या माळा चढत होत्या आणि दुसरीकडे काळे टी-शर्ट घातलेली पोरं गाड्यांच्या डिक्क्या उघडून बसली होती. त्यांत इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले हे एकटेच. मी सोबत गेले ती यांच्या हौसेखातर नव्हे. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती, टिटवाळा तिथून जवळ, आणि यांची हार डोळ्यांनी बघायची होती. उपासाची खिचडी डब्यात आणि सीट परत बसवायचा मुहूर्त डोक्यात, अशी मी सावलीला खुर्ची टाकून बसले.

प्रत्येक गाडीला दोन संधी होत्या, त्यातला मोठा आकडा धरायचा. यांच्या गटातल्या बाकी सगळ्या गाड्यांच्या दोन्ही संधी झाल्या आणि यांची दुसरी तेवढी राहिली. पहिल्या संधीला हे चौथे आले होते, तेही तिसऱ्याच्या अगदी मागे. मी मनातल्या मनात तिघींना फोन लावला.

तेवढ्यात तो कार म्युझिकवाला दुकानदार पळत आला. “काका, तुमचा टप श्वास घेतोय! आवाज सुरू झाला की पत्रा वर उचलतो, सगळी ताकद तिथेच जाते. वर वजन पाहिजे.”

तेव्हा मला कळलं की बाकीच्या गाड्यांच्या टपावर ती धिप्पाड पोरं का बसत होती. नियमात ते चालतं. यांच्यासाठी दुकानदाराची दोन माणसं बसणार होती, पण दुसऱ्या गटात दुकानाची स्वतःची गाडी उभी राहिली होती आणि ती दोघं तिच्या टपावर होती. यांनी आराखड्यात पेटीचा सूतभर कोपरासुद्धा मोजला होता. माणूस मोजायचा राहिला होता.

यांनी लॉनवर नजर फिरवली. काळे टी-शर्ट, मांडववाले, सगळे आपापल्या कामात. मग नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

मी अंगाने चांगली भरलेली आहे. यांनी मात्र आजवर माझ्या वजनाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तो यांचा सुसंस्कृतपणा, असं मी समजत आले होते. यांना बोलायचाच कंटाळा, म्हणून तो विषय राहून गेला असेल, हे मला त्या लॉनवर पहिल्यांदा सुचलं.

“अगं, ऐकलंस का,” हे म्हणाले, आणि गाडीच्या टपाकडे बघायला लागले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी नुसतं बसून राहिले असते तरी सीट माझी होती. पण मी यांचा चेहरा बघितला. काय भाजी करू? काहीही. कुठला शर्ट काढू? कुठलाही. कुठे जाऊ या? तू म्हणशील तिथे. एवढ्या वर्षांत या माणसाला काही हवं असलेलं मी पाहिलंच नव्हतं. आता हवं होतं. उन्हात उभे राहून, हातात रिमोट घट्ट धरून, यांना काहीतरी मनापासून हवं होतं आणि ते मागायला तोंड उघडत नव्हतं. मला यांचा राग आला, माझाही आला, आणि फार माया वाटली.

“चप्पल काढू, की तशीच चढू?” मी विचारलं.

लग्नाची लाल गादीची खुर्ची आणली गेली. दुकानदार म्हणाला, “काकू, बिनधास्त चढा, फुल सेफ आहे,” आणि भीतीने स्वतःच डोळे मिटले. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचली, एक पाय बॉनेटवर, दुसरा काचेच्या वर, आणि टपाच्या मधोमध सत्यनारायणाला बसतात तशी मांडी घालून बसले. पत्रा ‘टक्’ करून खाली गेला. झेंडूवाल्यांनी काम थांबवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून टिटवाळ्याच्या दिशेने तोंड केलं. गणपतीला काय सांगावं ते सुचेना, कारण मागणं कुणाचं पोचवायचं हेच ठरत नव्हतं.

कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे चढले, माझ्याही आणि यांच्याही. यांनी रिमोट दाबला.

बाहेर फार काही ऐकू आलं नाही. पण खालून आलं. मांड्यांतून, पाठीच्या कण्यातून, बांगड्यांतून, दातांतून. डब्यातली खिचडी पुन्हा परतली गेली असती. पत्रा वर यायला बघत होता आणि मी त्याला खाली दाबत होते, वर्गातल्या दांडगट पोराला खांद्याला धरून बाकावर बसवावं तशी. आयुष्यभर तोंडातल्या तोंडात गेलेले यांचे सगळे हं जणू एकदम निघाले होते. मग एकाएकी थांबलं.

पाटीवर आकडा लागला. आम्ही तिसरे. काळे टी-शर्टवाले नाचायला लागले, दुकानदाराने एका मांडववाल्यालाच मिठी मारली. माझी सीट गेली. आता पुढच्या संकष्टीला चौघींनी रिक्षाच करायची होती, आणि मीही त्या रिक्षात बसायचं तिथेच टपावर ठरवून टाकलं.

यांनी पाटीकडे बघितलंच नाही. कानांवरचे गोळे काढले, गाडीजवळ आले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मीही माझे गोळे काढले.

“अगं,” हे म्हणाले, “ऐकलंस का?”

भाजी, गॅस, आमटी, यासाठी ही हाक जन्मभर मीच मारत आले होते. यावेळी यांना खरंच उत्तर हवं होतं.

“हं,” मी म्हटलं.