खिशातले तीन फ्यूज

आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन मी माण तालुक्यातून सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागलो, तेव्हा माझ्याकडे टेस्टर एक होता आणि मागण्या सतरा. साताऱ्यात शिकतानाच पत्रकं लिहायची सवय लागलेली. इथे बघतो तर हातमोजे नाहीत, बोर्डापुढे रबरी चटई नाही. माणसं उघड्या हातांनी चारशे चाळीस व्होल्टशी झुंजतात आणि साहेबांच्या केबिनला मात्र नवे पडदे. मी हे छापून गेटवर वाटलं.

आमचे वस्ताद, म्हणजे खात्यातले सर्वांत जुने वायरमन, फौजेतून आलेले. माझं प्रत्येक पत्रक ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि दुसऱ्या दिवशी त्यातच चटणी-भाकरी बांधून आणत. मी चिडलो की म्हणत, "कागुद लय चांगला हाय गड्या. चटणीचं त्याल भाईर फुटत न्हाई."

त्यांचा नियम एकच. मोटरीला हात लावण्याआधी तिचे तिन्ही फ्यूज उपसायचे आणि खिशात ठेवायचे. स्टुलावर नाही, बोर्डावर नाही, खिशात. "स्विच कुणीबी वढतंय," ते म्हणायचे. "दुसऱ्याच्या खिशात हात घालायला मातर इचारावं लागतंय."

हंगाम भरात असताना एका दुपारी गव्हाण बंद पडली. गव्हाण म्हणजे ऊस पुढे ओढून नेणारा पट्टा. ती थांबली की सगळा कारखाना थांबतो. मी वर चढून मोटरीचा डबा उघडला. फ्यूज खाली वस्तादांच्या खाकी खिशात. बाहेर गाड्यांची रांग लागलेली. इतक्यात इंजिनिअर साहेब धावत आले.

"फ्यूज लावून ठेवा. तो उतरला की लगेच चालू करू."

"उतरू द्या, मग लावू."

"स्टोअरमधून दुसरे आणवतो मी."

वस्तादांनी बोर्डाचं दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि फतकल मारून खाली बसले. "आणा की. दार उघडायच्या आधी मला उठवा म्हंजे झालं."

"मेमो मिळेल तुम्हाला."

"द्या. पोरगं वर हाय, साहेब."

मला वर सगळं ऐकू येत होतं. वायर जळाली होती, नट गंजलेला, आणि माझे दोन्ही हात त्या डब्यात. घाई कर, असं वस्ताद एकदाही म्हणाले नाहीत. मी उतरलो तेव्हा त्यांनी फ्यूज माझ्या हातावर ठेवले. ते कोमट झाले होते.

मेमो खरोखरच आला. काम अडवलं, वरिष्ठांचा अवमान केला, खुलासा द्या, नाहीतर निलंबन. वस्तादांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मी पेटलो. चार पानी खुलासा लिहिला आणि कँटीनमागे त्यांना वाचून दाखवला.

"नराधम कोन रं ह्यात?"

"साहेब."

"काढ त्ये. त्यो बी भ्यालाच हुता. गव्हाण थांबली की त्याला बी वरनं शिव्या बसत्यात."

"आवं वस्ताद, तुमची नोकरी जाईल आणि तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"बाजू न्हाई घेत. खोटं काढतोय. म्होरं वाच."

मी वाचत गेलो, ते काढत गेले. पिळवणूक गेली, भांडवलशाही गेली, माझी आवडती ओळ गेली. शेवटी दोन वाक्यं राहिली: 'माणूस वर काम करत होता. म्हणून फ्यूज माझ्या खिशात होते.' खाली त्यांनी फौजेत शिकलेली सही केली, एकेक अक्षर उभं.

आठ दिवस आम्ही वाट पाहिली. ते भाकरी खात होते, मी रोज ऑफिसात जाऊन काही आलं का विचारून येत होतो. मग इंजिनिअर साहेब स्वतः बोर्डापाशी आले. म्हणाले, कागद फाइलला लावलाय, पुढं काही नाही. आणि जाता जाता विचारलं, "वस्ताद, वर कुणी नाही ना?"

"आज न्हाई, साहेब."

त्यानंतर मी छापायला दिलेलं पत्रक अर्ध्या पानाचं होतं. प्रेसवाल्यानं दोनदा विचारलं, बाकीचं कुठंय? वस्तादांनी ते वाचलं, घडी घातली आणि त्याच खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी फडक्यात आली.

हातमोजे अजून मिळालेले नाहीत. मागणी कायम आहे.